उघड्या दारावरचा बाण

प्रति,
मा. मुख्य मार्ग-अधिकारी,
सायकल पर्यटन विभाग,
नगर कार्यालय, वरचा मजला.

अर्जदार : गादीवाली, तटाचा उतार, नदीच्या पायऱ्यांसमोर.

विषय : अर्जदाराच्या दुकानाच्या दारावर रंगवलेला सायकल-मार्गाचा बाण दार उघडताच नदीच्या पायऱ्या दाखवतो, म्हणून तो रविवारच्या मोठ्या फेरीआधी दुकानापुढच्या खांबावर हलवण्याबाबत.

संदर्भ : १) खुणा कक्षाची सूचना (बाण खोडू, झाकू किंवा खरवडू नये). २) स्वच्छता कक्षाची सूचना (पायऱ्यांवर गाद्या टाकू नयेत). ३) शोभा कक्षाची सूचना (रविवारी दारे उघडी ठेवावीत). ४) आपल्या कार्यालयाकडून आलेले आभारपत्र.

महोदय,

आपला वेळ मोलाचा आहे हे अर्जदार जाणते. तरी हा अर्ज शेवटपर्यंत वाचावा, अशी सुरुवातीलाच विनंती आहे. त्याचे कारण असे की मागचा अर्ज अर्ध्यावरच वाचला गेला. तो अर्ज कार्यालयाबाहेर बसणाऱ्या अर्ज लिहून देणाऱ्या गृहस्थांनी लिहिला होता. त्यांचा हात मोठा गोड. पहिले पान त्यांनी सायकल-मार्गाच्या स्तुतीत घालवले, आपल्या जुन्या शहराच्या तटाचे, बुरुजांचे, कमानींचे गुण गायले आणि तक्रार मागच्या बाजूला लिहिली. पान कोणी उलटले नाही. आठवड्याने अर्जदाराला आभारपत्र आले की आपल्यासारख्या जागरूक नागरिकांमुळेच हा मार्ग यशस्वी होत आहे. म्हणून हा अर्ज अर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहिला आहे. अक्षरे उशिरा शिकल्यामुळे काही चुका असतील. त्यांच्याकडे न पाहता दाराकडे पाहावे.

१. अर्जदार गाद्या-उशा भरण्याचा धंदा करते. सासऱ्यांपासून चालत आलेला हा धंदा आता अर्जदार आणि तिची थोरली नणंद अशा दोघी चालवतात. नणंद, जिला अर्जदार वन्सं म्हणते, कापूस पिंजते. अर्जदार खोळी शिवते, भरते आणि टाके घालते. आम्ही दोघी मिळून एक धड माणूस होतो असे वन्सं म्हणतात. त्या माणसाचे डोके कोणते आणि हातपाय कोणते, यावर मात्र रोज सकाळी वाद होतो.

२. जागेची माहिती कळवणे जरूर आहे. आपला मार्ग तटाच्या वरच्या दरवाजातून सुरू होऊन उताराने खाली येतो. उतार चांगला आहे आणि वारा मागून असतो, त्यामुळे सायकलवाल्यांना पायडल मारावे लागत नाही. अर्जदाराचे दुकान त्यांच्या डाव्या हाताला लागते. उजव्या हाताला, बरोबर दुकानासमोर, एक दगडी कमान आहे. कमानीतून आत पाहिले तर सपाट फरशी दिसते आणि छान गल्ली असावी असे वाटते. ती गल्ली नाही. चार पावलांवर फरशी संपते आणि तिथून पायऱ्या थेट नदीत उतरतात. खरा मार्ग सरळ पुढे घंटाघराच्या चौकात जातो.

३. आता दार. ते एकच फळीचे, जाड आणि बाहेर उघडणारे आहे. बिजागऱ्या वरच्या दरवाजाच्या बाजूला आहेत. उघडल्यावर ते रस्त्यात पुरलेल्या दगडाला टेकून काटकोनात आडवे उभे राहते. हे हौसेने केलेले नाही. उतारावरून येणारा वारा अडवायला दार आडवेच लागते, नाहीतर पिंजलेला कापूस घंटाघरापर्यंत जाऊन बसतो आणि चौकातला चहावाला हाक मारतो की मावशी, तुमची अर्धी गादी इथे आली आहे, उरलेली केव्हा पाठवता. उतारावरची सगळी जुनी दुकाने दार असेच लावतात. दार पूर्ण बंद करून पिंजण बसवावी, तर आत कापसाचा धुरळा कोंडतो. वन्संची छाती त्याने आधीच धरलेली आहे. डॉक्टरांनी बजावले आहे की बंद खोलीत पिंजाल तर पुढच्या वेळी माझ्याकडे येऊ नका, कारण मी काही करू शकणार नाही.

४. आपला रंगारी भल्या सकाळी आला तेव्हा दुकान अजून उघडायचे होते. बंद दारावर त्याने निळा बाण काढला, खाली सायकल काढली. माणूस कसबी आहे. बाण असा सरळ की वन्संनी दोरा लावून पाहिला आणि म्हणाल्या, वहिनी, तुमच्या टाक्यांपेक्षा हा बरा. बंद दारावर बाण घंटाघराकडे दाखवतो आणि ते बरोबर आहे. त्यात रंगाऱ्याचा काही दोष नाही. दार बंद असताना आलेल्या माणसाने उघड्या दाराचा विचार कुठून करावा?

परंतु दार उघडून आडवे लावले की तोच बाण वरून येणाऱ्याच्या बरोबर समोर येतो आणि उजवीकडे, कमानीत दाखवतो. आपल्या मार्गावर आधीच पुष्कळ कमानी आहेत आणि बाण सांगेल तिथे वळायची सवय लोकांना लागलेली असते. ते वळतात.

५. पहिल्या दिवशी पहिला सायकलवाला आत गेला तेव्हा वन्सं पिंजत होत्या आणि अर्जदार सुईत दोरा ओवत होती. पांढऱ्या दाढीचा, लाल टोपी घातलेला परदेशी माणूस. त्याने जाता जाता दोघींना हात केला. दोघींनीही केला. मग कमानीच्या आतून आवाज आला. दोघी धावल्या. त्याचे नशीब बलवत्तर म्हणून पायऱ्यांवर गाद्या होत्या. गादी भरल्यावर ती उन्हात तापवावी लागते, आणि सकाळचे ऊन पायऱ्यांवर चांगले पडते म्हणून ताज्या गाद्या तिथे पसरण्याची रीत सासूबाईंच्या वेळेपासून आहे. तो माणूस सायकलीसकट एका लग्नाच्या दुहेरी गादीवर पडला होता आणि हसत होता. त्याला वाटले ही व्यवस्था मार्गाचाच भाग आहे. त्याने गादीचे छायाचित्र काढले.

६. त्या दिवसापासून अर्जदाराची झोप उडाली. वन्संना हातात काठी देऊन उताराच्या वळणावर उभे केले. त्या काठी हलवून ओरडत, अहो, तिकडे नको, सरळ जा, सरळ! परगावचे लोक भाषा न समजल्याने काठी हलवणाऱ्या म्हातारीला पाहून आनंदाने हात हलवत आणि अधिक जोराने येत. दोघांनी थांबून वन्संच्या शेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेतले. वन्संनी त्यांना जे सुनावले ते या अर्जात लिहिण्यासारखे नाही. त्यांनी दोन्ही हात जोडून ते ऐकून घेतले.

मग अर्जदाराने दारावर चादर टाकली. तिसऱ्या दिवशी संदर्भ क्र. १ ची सूचना आली की मार्गाची खूण खोडणे, झाकणे किंवा खरवडणे हा गुन्हा आहे. चादर काढली.

मग दार बंद ठेवून पाहिले. वन्सं हट्टाने म्हणाल्या, चार दिवस पिंजते आत, काय होतंय बघू. दुपारपर्यंत त्या भिंतीला टेकून बसल्या आणि बोलेनात. वन्सं बोलत नाहीत याचा अर्थ काय, हे अख्ख्या उताराला ठाऊक आहे. शेजारचा किल्लीवाला कुलपे टाकून धावत आला. दार उघडले आणि वन्संना बाहेर वाऱ्यात बसवले. त्यांचा श्वास जरा जागेवर येतो न येतो, तोच त्यांच्या डोळ्यांदेखत एक नवराबायको जोडसायकलवरून कमानीत शिरले. वन्संना उठवेना. त्यांनी नुसते बोट दाखवले. गाद्या होत्या म्हणून त्या दोघांचे निभावले.

महोदय, अर्जदाराची तक्रार थोडक्यात एवढीच आहे. दार लावावे तर वन्संचा जीव जातो, दार उघडावे तर परक्याचा. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, ती दोन्ही अर्जदाराच्या उंबऱ्याशी आली आहेत आणि ती खणायला अर्जदार गेली नव्हती.

७. आभारपत्र आल्यावर अर्जदाराने कार्यालयाच्या खिडकीवर तोंडी तक्रार केली, तेव्हा आपले मार्ग-निरीक्षक पाहणीला येणार असा निरोप आला. इथे अर्जदाराच्या घरून एक चूक झाली, ती नमूद करते. निरीक्षक काळा कोट घालतात हे किल्लीवाल्याने आधी सांगून ठेवले होते. कोटावर कापूस बसू नये, पाहुण्याचा मान राहावा, म्हणून वन्संनी ते दिसताच पिंजण थांबवून दार ओढून घेतले. निरीक्षकांनी बंद दारावरचा बाण पाहिला, घंटाघराकडे पाहिले आणि वहीत लिहिले की खूण योग्य दिशा दाखवते. अर्जदार घाईने बाहेर आली, दार उघडून आडवे केले आणि म्हणाली, साहेब, आता बघा. साहेबांनी पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले. मग म्हणाले, बाई, बाण हलत नाही, दार हलतं. दार तुमचं आहे. दाराची तक्रार आमच्या विभागात येत नाही.

वन्संनी आतून विचारले की मग नदी कोणत्या विभागात येते. साहेबांनी वही मिटली. पुढे त्यांनी असेही कळवले की या ठिकाणी आजपर्यंत कोणालाही इजा झाल्याची नोंद नाही, त्यामुळे हे ठिकाण धोक्याचे धरता येत नाही. इजा झाली नाही ती गाद्यांमुळे, असे अर्जदाराने सांगितले. गाद्यांची नोंद त्यांनी मात्र घेतली. त्याच आठवड्यात संदर्भ क्र. २ ची सूचना आली की प्राचीन पायऱ्यांवर गाद्या पसरणे शोभत नाही, त्या तात्काळ उचलाव्यात.

अर्जदाराने गाद्या उचलल्या. महोदय, सरकारी कागदाचा शब्द अर्जदाराने आजवर कधी मोडला नाही.

८. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगी आत गेली. अर्जदाराच्या धाकट्या सुनेच्या वयाची असेल. एकटीच निघालेली, सायकलीच्या दोन्ही बाजूंना सामानाच्या पिशव्या. दोघी धावल्या तेव्हा ती पायऱ्यांच्या मध्यावर अडकली होती. एक हात अंगाखाली होता आणि सायकलीचे चाक अजून फिरत होते. तिला उचलून दुकानात आणले आणि अर्धवट भरलेल्या गादीवर निजवले. खांद्याचे हाड मोडले होते. दवाखान्याची गाडी येईपर्यंत ती रडली नाही. अर्जदाराचा हात तिने धरून ठेवला होता आणि दारापलीकडच्या बाणाकडे मान करून ती पुन्हा पुन्हा एकच काहीतरी विचारत होती. तिची भाषा अर्जदाराला येत नाही, पण विचारणे समजले. मी बरोबरच आले होते ना, असे ती विचारत होती.

अर्जदाराने मान हलवून हो म्हटले. दुसरे काय म्हणणार?

आता इजेची नोंद झाली आहे. अर्जदाराला वाटले, आता तरी बाण हलेल. कार्यालयात चौकशी केली तेव्हा कळले की नोंदीत अपघाताचे कारण सायकलस्वाराचा वेग असे लिहिले आहे.

९. या सगळ्यावर कळस म्हणजे संदर्भ क्र. ३. येत्या रविवारी तटाभोवतीची मोठी फेरी आहे आणि गावोगावचे सायकलवाले वरच्या दरवाजातून एकदम सुटणार आहेत. त्यात शाळेची मुले आहेत, म्हातारी माणसे आहेत. शोभा कक्षाने मार्गावरच्या प्रत्येक दुकानाला कळवले आहे की त्या सकाळी दारे सताड उघडी ठेवावीत आणि चालू धंदा पाहुण्यांना दिसावा, म्हणजे शहर जिवंत वाटेल. अर्जदाराच्या दुकानाचा उल्लेख तर वेगळा करून केला आहे, कारण पिंजण पाहायला लोकांना आवडते म्हणे.

तरी आपणच हिशेब मांडावा. एका कक्षाने दार उघडायला सांगितले आहे. दुसऱ्याने बाणाला हात लावायचा नाही असे बजावले आहे. तिसऱ्याने गाद्या उचलायला लावल्या आहेत. तिन्ही कक्ष एकाच मजल्यावर, एकाच जिन्याच्या तोंडाशी आहेत. अर्जदाराने तिघांची आज्ञा पाळली तर रविवारी सकाळी पहिला सायकलवाला बाण पाहून कमानीत वळेल, त्याच्यामागून दुसरा, त्याच्यामागून आणखी. मागच्याला पुढचा दिसतो, पायऱ्या दिसत नाहीत. मेंढरे अशीच कड्यावरून जातात असे किल्लीवाला म्हणाला. त्यावर वन्सं त्याला म्हणाल्या, मेंढरांना निदान कोणी बाण काढून देत नाही रे.

ते चित्र गेले चार दिवस अर्जदाराच्या डोळ्यांपुढून हलत नाही. सुई हातात धरली की बोटात जाते.

१०. म्हणून अर्जदाराने सर्व सूचना पुन्हा वाचल्या. अक्षर अक्षर लावून वाचल्या, कारण तिला वाचायला वेळ लागतो आणि वेळ लागला की काही सुटत नाही. बाण खोडू नये असे लिहिले आहे. झाकू नये, खरवडू नये असेही लिहिले आहे. दार उचलू नये असे कुठेही लिहिलेले नाही. शोभा कक्षाने उघडे दुकान मागितले आहे. ज्या दुकानाला दारच नाही, ते सगळ्यांत जास्त उघडे.

सबब आज सकाळी किल्लीवाल्याने बिजागऱ्या सोडवल्या. दार जड आहे. ते हातगाडीवर घालून, बाणाला ओरखडाही न येऊ देता, अर्जदार आणि वन्संनी चौकातून आपल्या कार्यालयात आणले आहे. वाटेत चहावाल्याने विचारले की मावशी, घर बदलताय की काय. वन्संनी सांगितले की घर तिथेच आहे, फक्त दाराला साहेबांना भेटायचे आहे. आपल्या शिपायाने पुष्कळ हरकत घेतली. परंतु अर्जासोबत जोडलेला पुरावा परत पाठवता येत नाही, हा नियम त्याच्याच मागे भिंतीवर लावलेला आहे. तो अर्जदाराने त्याला वाचून दाखवला.

दार सध्या खालच्या मजल्यावर, जिन्याशेजारी उभे आहे. तिथून बाण जिन्याकडे, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या आपल्या खोलीकडे दाखवतो. हे मुद्दाम केलेले नाही, भिंत तिथेच रिकामी होती. अर्जदार हे लिहीत असतानाच एक गृहस्थ दाखल्यासाठी आले होते, ते बाण पाहून वर गेले. ते आपल्याला भेटले असल्यास त्यांना खालच्या खिडकीकडे पाठवावे.

११. दार नसल्याने दुकानात वारा मोकळा शिरतो आणि पिंजण बंद आहे. वन्सं म्हणतात, जीव राहिला तर कापूस पुन्हा आणता येईल. पण हंगामाचे दिवस आहेत आणि हात बांधून फार दिवस बसता येणार नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी की बाण गेला म्हणजे वाट सुधारली असे नाही. लोक आता त्या जागी आल्यावर खूण शोधतील, आणि ती सपाट फरशी तशीच बोलावत राहील. म्हणून अर्जदाराची मागणी पुढीलप्रमाणे :

आपल्या रंगाऱ्याला शनिवारपर्यंत एक डबा निळा रंग देऊन पाठवावे. दुकानाच्या पुढे दिव्याचा लोखंडी खांब आहे, तो उघडत नाही आणि मिटत नाही. त्यावर बाण काढावा. कमानीच्या तोंडाशी एक दोर आडवा बांधावा. दारावरचा बाण खोडण्याची लेखी परवानगी द्यावी आणि दार परत करावे. रंगाऱ्याचा चहा अर्जदाराकडे.

१२. शनिवारपर्यंत यातले काही झाले नाही, तर काय होईल तेही कळवणे योग्य वाटते, म्हणजे नंतर कोणी नोंद नव्हती असे म्हणणार नाही. रविवारी पहाटेपासून अर्जदार आणि वन्सं कमानीत हात पसरून उभ्या राहतील. दोघींनी मिळून ती कमान बरोबर भरते, काल उभे राहून पाहिले आहे. वन्संना फार वेळ उभे राहवत नाही, म्हणून त्यांच्या मागे एक गादी उभी करून टेकायला दिली जाईल. ती पायऱ्यांवर पसरलेली नसेल, याची स्वच्छता कक्षाने नोंद घ्यावी. येणाऱ्यांना आमची भाषा कळणार नाही आणि ते हात हलवतील. हलवोत. दोन म्हाताऱ्यांच्या अंगावर सायकल घालण्याआधी माणूस ब्रेक दाबतोच, एवढा अर्जदाराचा माणसांवर विश्वास आहे. आणि एखाद्याने नाही दाबला, तर पायऱ्यांआधी आम्ही लागू.

दोन म्हाताऱ्या खोडू, झाकू किंवा खरवडू नयेत, अशी एक सूचना त्या दिवसापुरती काढता आली तर बरे होईल.

आपल्या उत्तराची वाट पाहत खाली दाराशेजारी बसलेली,

नम्र अर्जदार,
(सही)
गादीवाली, तटाचा उतार

सोबत सही : वन्सं (अंगठा)

दिनांक : फेरीआधीचा गुरुवार

सोबत जोडले आहे :
१) तिन्ही सूचना, मूळ.
२) आभारपत्र, मूळ. हे परत घ्यावे.
३) दार, एक, बाणासह, मूळ. प्रत काढता आली नाही.